प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर

प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर (१६ मार्च, १९०१ – १२ जून, १९८१) हे भारताचे सातवे सरन्यायाधीश, संस्कृतज्ञ आणि विधिज्ञ होते. १९४५ साली ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. १९५६ साली त्यांची सर्वोच्च न्यायालयावर नियुक्ती झाली आणि १ फेब्रुवारी, १९६४ ते १५ मार्च, १९६६ या काळात त्यांनी सरन्यायाधीशपद भूषविले. औद्योगिक कायदा, हिंदू कायदा आणि संविधानाचा अर्थ या तिन्ही क्षेत्रांत त्यांचे निकाल महत्त्वाचे मानले जातात. शासनाच्या सेवकाने केलेल्या चुकीबद्दल नागरिकाला शासनाकडून नुकसानभरपाई मागता येते की नाही, या प्रश्नावरील कस्तुरीलाल खटल्याचा १९६४ मधील निकाल त्यांनीच लिहिला. या निकालात शासनाचे सार्वभौम संरक्षण मान्य झाले, परंतु त्याच निकालात त्यांनी ही कायदेशीर स्थिती असमाधानकारक असल्याचे नोंदवून संसदेने कायदा करावा असे सुचविले होते. निवृत्तीनंतर ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू, राष्ट्रीय श्रम आयोगाचे अध्यक्ष आणि भारताच्या विधी आयोगाचे अध्यक्ष होते. १९७२ साली त्यांना पद्मविभूषण हा सन्मान मिळाला.

जन्म आणि शिक्षण

गजेंद्रगडकरांचा जन्म सातारा येथे एका माध्व देशस्थ ब्राह्मण कुटुंबात झाला. आडनावातील गजेंद्रगड हे गाव आजच्या कर्नाटक राज्यातील गदग जिल्ह्यात आहे. घराण्यात संस्कृत विद्येची परंपरा होती आणि वडील बाळाचार्य हे संस्कृतचे विद्वान होते. थोरले बंधू अश्वत्थामाचार्य हे मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात संस्कृतचे प्राध्यापक होते. घरातील या वातावरणाचा प्रल्हादरावांवर कायमचा परिणाम झाला. पुढे न्यायाधीश म्हणून हिंदू कायद्याचे प्रश्न हाताळताना ते इंग्रजी भाषांतरांवर अवलंबून न राहता मूळ संस्कृत ग्रंथांचा आधार घेऊ शकत.

शालेय शिक्षण साताऱ्यात झाल्यावर ते धारवाडच्या कर्नाटक महाविद्यालयात आणि नंतर पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात शिकले. डेक्कन महाविद्यालयात ते दक्षिणा फेलो होते. तेथून एम.ए. झाल्यावर त्यांनी पुण्याच्या विधी महाविद्यालयातून १९२६ साली एल्‌एल.बी. ही पदवी मिळविली.

वकिली आणि हिंदू कायद्याचा अभ्यास

१९२६ साली गजेंद्रगडकरांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या अपील शाखेत वकिली सुरू केली. मुंबई शहरातील मोठे व्यापारी दावे उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत चालत, तर अपील शाखेकडे जिल्ह्यांतील न्यायालयांतून आलेली अपिले येत. जमीन, वतन, दत्तक, वाटणी आणि वारसा हे या अपिलांचे नेहमीचे विषय होते. त्यामुळे ग्रामीण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटक यांतील कुटुंबांचे वाद हिंदू कायद्याच्या चौकटीत मांडण्याचा त्यांना दीर्घ सराव झाला. वकिलीच्या काळात त्यांनी हिंदू लॉ क्वार्टर्ली या त्रैमासिकाचे संपादन केले, तसेच दत्तकमीमांसा या धर्मशास्त्रीय ग्रंथाचे संपादनही केले.

हिंदू कायद्यात काळानुरूप सुधारणा व्हावी आणि तो संहितेच्या रूपात यावा, या मताचे ते होते. हिंदू संहिता विधेयकावरून देशभर वाद चालू असताना १९५१ साली त्यांनी कर्नाटक विद्यापीठाच्या विद्यमाने या विषयावर दोन व्याख्याने दिली. ती पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली.

मुंबई उच्च न्यायालय

मार्च १९४५ मध्ये गजेंद्रगडकर मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. या काळातील त्यांचा सर्वाधिक चर्चिला गेलेला निकाल मुंबई राज्य विरुद्ध नरसू आप्पा माळी (१९५१) या खटल्यातील आहे. मुंबई इलाख्यात हिंदूंच्या द्विभार्या विवाहाला प्रतिबंध करणारा १९४६ चा कायदा संविधानातील समतेच्या हक्काशी विसंगत आहे काय, हा त्यात प्रश्न होता. मुख्य न्यायमूर्ती म. क. छागला आणि गजेंद्रगडकर यांनी स्वतंत्र निकालपत्रे लिहून तो कायदा वैध ठरविला. व्यक्तिगत कायदे हे संविधानाच्या अनुच्छेद १३ मधील अंमलात असलेले कायदे या संज्ञेत येत नाहीत, असेही त्यांनी म्हटले. समान नागरी कायद्याच्या चर्चेत आजही या निकालाचा उल्लेख होतो.

बँक कर्मचाऱ्यांच्या वेतनाबाबत श्रम अपील न्यायाधिकरणाने दिलेल्या निवाड्यात केंद्र सरकारने फेरफार केल्यामुळे १९५४ साली श्रममंत्री व्ही. व्ही. गिरी यांनी राजीनामा दिला होता. त्यानंतर नेमलेल्या चौकशी आयोगाचे काम न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या निधनामुळे गजेंद्रगडकरांकडे आले आणि १९५५ साली त्यांनी अहवाल सादर केला. या कामामुळे औद्योगिक विवादांचे जाणकार अशी त्यांची देशभर ओळख झाली.

सर्वोच्च न्यायालय

जानेवारी १९५६ मध्ये गजेंद्रगडकर सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. औद्योगिक कायदा त्या वेळी नवा होता आणि वेतन, बोनस, कामगार कपात यांविषयी ठरलेली तत्त्वे थोडी होती. असोसिएटेड सिमेंट कंपनीच्या खटल्यात (१९५९) त्यांनी बोनसची रक्कम काढण्याच्या सूत्राचे सविस्तर विवेचन केले. १९६५ चा बोनस कायदा येईपर्यंत हे सूत्र औद्योगिक न्यायाधिकरणांना मार्गदर्शक राहिले.

मुंबई राज्य विरुद्ध हॉस्पिटल मजदूर सभा (१९६०) हा त्यांचा निकाल शासनाच्या दायित्वाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. मुंबईतील जे. जे. समूह रुग्णालयांतील वॉर्ड सेवकांना औद्योगिक विवाद कायद्याने ठरविलेली भरपाई न देता कामावरून कमी करण्यात आले होते. रुग्णालय हे शासनाचे लोककल्याणाचे कार्य आहे, तो उद्योग नाही, म्हणून हा कायदा त्यास लागू होत नाही, अशी राज्य सरकारची बाजू होती. गजेंद्रगडकरांनी ती अमान्य केली. न्यायदान, कायदे करणे, सुव्यवस्था राखणे यांसारखी खास राज्यसत्तेची कार्ये या कायद्याच्या बाहेर राहतात. मात्र एखादे काम शासन करते एवढ्यावरून ते उद्योग ठरण्यापासून सुटत नाही, असे त्यांनी ठरविले. सेवकांच्या बाजूचा उच्च न्यायालयाचा निर्णय कायम झाला. राज्यसत्तेची कार्ये आणि शासनाची इतर कार्ये असा जो भेद या खटल्यात नागरिकाच्या उपयोगी पडला, तोच भेद चार वर्षांनी कस्तुरीलाल खटल्यात नागरिकाच्या विरुद्ध गेला.

धार्मिक संस्था आणि शासन यांच्या संबंधांवरही त्यांनी निकाल दिले. अजमेर दर्गा समिती (१९६१) आणि नाथद्वारा मंदिर (१९६३) या खटल्यांत धर्माचा अत्यावश्यक भाग कोणता हे न्यायालय तपासू शकते, असा विचार त्यांनी मांडला. बालाजी विरुद्ध म्हैसूर राज्य या खटल्यात ६८ टक्के जागा राखून ठेवणारा आदेश रद्द करताना राखीव जागा सर्वसाधारणपणे ५० टक्क्यांच्या आत असाव्यात, असे त्यांनी लिहिलेल्या निकालात म्हटले आहे. मखन सिंग विरुद्ध पंजाब राज्य (१९६३) या खटल्यात, आणीबाणीत मूलभूत हक्कांसाठी न्यायालयात जाण्याचा मार्ग स्थगित झाला तरी स्थानबद्धतेचा आदेश दुष्ट हेतूने काढला असल्यास त्यास आव्हान देता येते, हे त्यांनी स्पष्ट केले.

सरन्यायाधीशपद

सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा यांच्या निवृत्तीनंतर १ फेब्रुवारी, १९६४ रोजी गजेंद्रगडकर सरन्यायाधीश झाले. ज्येष्ठताक्रमाने त्यांच्या वर असलेले न्यायमूर्ती सय्यद जाफर इमाम प्रकृतीच्या कारणाने ते पद सांभाळण्याच्या स्थितीत नव्हते. सप्टेंबर १९६४ च्या अखेरीस लागोपाठच्या दोन दिवशी त्यांनी दोन मोठे निर्णय दिले. २९ सप्टेंबरचा कस्तुरीलाल खटल्याचा निकाल शासनावरील दाव्यांविषयी होता, तर ३० सप्टेंबरचे मत विधानसभेच्या विशेषाधिकारांविषयी होते.

शासनाचे सार्वभौम संरक्षण आणि कस्तुरीलाल खटला

पार्श्वभूमी

राजाला त्याच्याच न्यायालयात खेचता येत नाही, ही इंग्लंडमधील जुनी कल्पना होती. भारतात मात्र सत्ता प्रथम ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती आली आणि कंपनी ही व्यापारी संस्था असल्याने तिच्यावर दावा लावता येत असे. १८५८ साली कारभार ब्रिटिश राजसत्तेकडे गेला. कंपनीवर जसा दावा लावता आला असता तसाच तो भारतमंत्र्यांवर लावता येईल, अशी तरतूद त्या वेळच्या कायद्यात होती. १९१५ आणि १९३५ च्या कायद्यांतून ती पुढे चालत आली. संविधानाच्या अनुच्छेद ३०० मध्येही शासनाचे दायित्व याच जुन्या स्थितीशी जोडलेले आहे. परिणामी स्वतंत्र भारतातील शासनाची जबाबदारी ठरविताना १८५८ पूर्वीच्या कंपनीची जबाबदारी काय होती, हे पाहावे लागते.

या तरतुदीचा पहिला महत्त्वाचा अर्थ कलकत्त्याच्या तत्कालीन सर्वोच्च न्यायालयाने १८६१ साली पेनिन्शुलर अँड ओरिएंटल स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या खटल्यात लावला. खिदिरपूर येथील सरकारी गोदीतील कामगारांनी वाहून नेत असलेला जड लोखंडी तुकडा रस्त्यात टाकला. त्या आवाजाने वादी कंपनीच्या गाडीचा घोडा बिथरला आणि जखमी झाला. नुकसान ३५० रुपयांचे होते. मुख्य न्यायमूर्ती बार्न्स पीकॉक यांनी सरकारला जबाबदार धरले, कारण गोदी चालविणे हे कोणतीही खाजगी व्यक्ती करू शकेल असे काम होते. सार्वभौम सत्तेच्या वापरातून झालेल्या कृत्यांबद्दल मात्र दावा चालणार नाही, असेही त्यांनी म्हटले. पुढील शतकभर न्यायालये हीच रेषा धरून चालली. मुंबई उच्च न्यायालयातही १९०४ साली असा प्रसंग आला होता. माहीमच्या पोलीस अधिकाऱ्याने चोरीचा माल समजून जप्त केलेल्या गवताच्या भाऱ्या गहाळ झाल्या, परंतु अधिकाऱ्याने कायद्याने सोपविलेले कर्तव्य केले होते या कारणाने भारतमंत्र्यांना जबाबदार धरले गेले नाही.

स्वातंत्र्यानंतर १९५६ साली पहिल्या विधी आयोगाने मोतीलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखाली सादर केलेल्या आपल्या पहिल्याच अहवालात या विषयावर कायदा करण्याची शिफारस केली. १९६२ साली राजस्थान राज्य विरुद्ध विद्यावती या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राज्याला जबाबदार ठरविले. उदयपूरच्या जिल्हाधिकाऱ्यांची जीप दुरुस्तीहून परत आणताना चालकाच्या निष्काळजीपणामुळे एका पादचाऱ्याचा मृत्यू झाला होता. कल्याणकारी राज्यात शासनाला जुने संरक्षण का असावे, असा सूर त्या निकालात होता. त्यामुळे हे संरक्षण आता मागे पडत आहे, अशी अपेक्षा निर्माण झाली होती.

खटल्याची हकीकत

२० सप्टेंबर, १९४७ रोजी अमृतसर येथील सराफी पेढीचा एक भागीदार सोने-चांदी विकण्यासाठी मेरठला आला. मध्यरात्रीच्या सुमारास गाडीतून उतरून बाजारातून जात असताना पोलिसांनी त्यास संशयावरून अटक केली. झडतीत १०३ तोळ्यांहून अधिक सोने आणि दोन मणांहून अधिक चांदी जप्त झाली. दुसऱ्या दिवशी त्याची जामिनावर सुटका झाली आणि पुढे चांदी परत मिळाली. सोने मात्र परत मिळाले नाही. पोलीस ठाण्याच्या मालखान्याचा ताबा असलेल्या हेड कॉन्स्टेबलने ते लांबवून ऑक्टोबर १९४७ मध्ये पाकिस्तानात पलायन केले होते.

पेढीने उत्तर प्रदेश राज्यावर सोन्याच्या किमतीबद्दल ११,०७५ रुपये १० आणे आणि त्यावरील व्याज यांसाठी दावा लावला. पहिल्या न्यायालयाने तो मंजूर केला, तर अलाहाबाद उच्च न्यायालयाने फेटाळला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पाच न्यायाधीशांच्या पीठापुढे आले. सरन्यायाधीश गजेंद्रगडकर यांच्यासह न्यायमूर्ती वांच्छू, हिदायतुल्ला, रघुवर दयाल आणि ज. र. मुधोळकर त्यात होते.

निकाल

पोलिसांचा निष्काळजीपणा न्यायालयाने स्पष्टपणे मान्य केला. मौल्यवान जप्त माल सरकारी कोषागारात ठेवण्याचा नियम असताना सोने ठाण्याच्या मालखान्यात ठेवले गेले होते आणि त्याची आवश्यक ती काळजी घेतली गेली नव्हती. उरलेला प्रश्न एवढाच होता, की या निष्काळजीपणाची भरपाई राज्याने द्यावी काय. गजेंद्रगडकरांनी यासाठी एक कसोटी मांडली. ज्या कामाच्या ओघात सेवकाकडून चूक घडली ते काम राज्याच्या सार्वभौम अधिकारांतून आलेले असेल तर दावा चालत नाही. ते तसे नसेल, तर खाजगी मालकाप्रमाणे राज्यही जबाबदार ठरते. अटक, झडती आणि जप्ती हे अधिकार पोलिसांना कायद्याने दिलेले असून ते सार्वभौम स्वरूपाचे आहेत, म्हणून अपील फेटाळण्यात आले. विद्यावती खटल्यातील जीप दुरुस्तीहून आणण्याच्या कामाचा सार्वभौम अधिकारांशी संबंध नव्हता, असे सांगून तो निकाल वेगळा काढण्यात आला.

या निष्कर्षाविषयी सरन्यायाधीशांनी निकालातच असमाधान व्यक्त केले. सरकारी सेवकाच्या चुकीने मालमत्ता गमावलेल्या नागरिकाला, त्याची बाजू न्याय्य असूनही, जुन्या संरक्षणाच्या आधारावर रिकाम्या हाती परत पाठविले जाते, ही स्थिती त्यांना खटकली. इंग्लंडने १९४७ च्या क्राउन प्रोसीडिंग्ज कायद्याने राजसत्तेवर दावा लावण्याची वाट मोकळी केली होती आणि अमेरिकेच्या संघराज्य सरकारनेही १९४६ च्या कायद्याने काही मर्यादांसह असे दावे स्वीकारले होते. ज्या देशातून ही कल्पना भारतात आली त्या देशाने ती सोडली असताना येथे ती टिकून राहिली होती. इंग्लंडच्या धर्तीवर कायदेमंडळाने कायदा करून या दायित्वाचे नियमन करावे, असे गजेंद्रगडकरांनी सुचविले. न्यायालयाने स्वतः हे संरक्षण मोडीत काढण्याचे मात्र टाळले, कारण त्यांच्या मते अनुच्छेद ३०० च्या शब्दरचनेने न्यायालय बांधले गेले होते.

पुढील वाटचाल

केंद्र सरकारने शासनाच्या अपकृत्यविषयक दायित्वाचे विधेयक १९६५ साली आणि पुन्हा १९६७ साली संसदेत मांडले, पण ते संमत न होता व्यपगत झाले. संसदेकडून कायदा न आल्याने न्यायालयांनीच या संरक्षणाची व्याप्ती हळूहळू कमी केली. जप्त केलेली वाहने परत करता न आल्यास राज्य हे मालाची ठेव सांभाळणाऱ्याप्रमाणे जबाबदार ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली गुजरातमधील एका खटल्यात ठरविले. पोलिसांच्या ताब्यातून चोरीस गेलेल्या दागिन्यांची किंमत राज्याने द्यावी, असा निर्णय १९७७ साली म्हैसूर राज्यातून आलेल्या एका प्रकरणात झाला. त्या प्रकरणाची हकीकत मेरठच्या सोन्याच्या हकीकतीशी बरीच मिळतीजुळती होती.

रुदल साह (१९८३) आणि नीलाबती बेहेरा (१९९३) या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने वेगळा मार्ग अवलंबिला. जीविताच्या मूलभूत हक्काचा भंग झाल्यास संविधानाच्या आधारे थेट भरपाई देता येते आणि तेथे सार्वभौम संरक्षणाचा बचाव चालत नाही, असे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले. नागेंद्र राव विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य (१९९४) या निकालात सार्वभौम आणि इतर कार्ये या भेदावरच टीका करण्यात आली. २००० साली आंध्र प्रदेशातील दुसऱ्या एका खटल्यात कस्तुरीलाल निकालाचे महत्त्व उरले नसल्याचे निरीक्षण नोंदविले गेले. हे निकाल पाचपेक्षा कमी न्यायाधीशांच्या पीठांचे असल्याने १९६४ चा निकाल औपचारिकरीत्या रद्द झालेला नाही.

विधानसभेचे विशेषाधिकार

मार्च १९६४ मध्ये उत्तर प्रदेश विधानसभेने विशेषाधिकारभंगाबद्दल गोरखपूरचे केशव सिंग यांना सात दिवसांच्या कारावासाची शिक्षा दिली. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ पीठाने त्यांची जामिनावर सुटका केल्यावर विधानसभेने त्या दोन न्यायाधीशांनाच ताब्यात घेऊन सभागृहापुढे आणण्याचा ठराव केला. उच्च न्यायालयाच्या २८ न्यायाधीशांनी एकत्र बसून त्या ठरावाच्या अंमलबजावणीस स्थगिती दिली. राष्ट्रपतींनी प्रश्न सर्वोच्च न्यायालयाकडे मतासाठी पाठविला. सात न्यायाधीशांच्या पीठाचे बहुमताचे मत गजेंद्रगडकरांनी लिहिले. न्यायमूर्ती सरकार यांनी वेगळे मत नोंदविले.

इंग्लंडमध्ये संसद सर्वोच्च आहे, तर भारतात संविधान सर्वोच्च आहे, या भूमिकेवर हे मत उभे आहे. सभागृहाच्या आदेशाने तुरुंगात गेलेल्या नागरिकाला उच्च न्यायालयात दाद मागता येते, तसेच न्यायिक कर्तव्य बजावणाऱ्या न्यायाधीशांवर सभागृहाला अवमानाची कारवाई करता येत नाही, असे त्यात म्हटले आहे. आदल्या दिवशी शासनाचे संरक्षण नाइलाजाने मान्य करणाऱ्या सरन्यायाधीशांनी येथे विधानसभेचे तसेच संरक्षण नाकारले. पहिल्या प्रकरणात संविधानाने जुनी स्थिती राखली होती, दुसऱ्या प्रकरणात नागरिकाचा हक्क संविधानानेच दिला होता, असा दोहोंतील फरक सांगता येतो.

अखेरचे निकाल

१४ जानेवारी, १९६६ रोजी गजेंद्रगडकरांनी शास्त्री यज्ञपुरुषदासजी विरुद्ध मूलदास या खटल्याचा निकाल दिला. आपला पंथ हिंदू धर्माहून वेगळा असल्याने मंदिरप्रवेशाचा कायदा आपल्या मंदिरांना लागू होत नाही, हा स्वामीनारायण पंथीयांचा दावा त्यांनी अमान्य केला आणि दलितांचा प्रवेशाचा हक्क कायम केला. हिंदू धर्माच्या स्वरूपाचे त्यातील विवेचन पुढे वारंवार उद्धृत झाले.

३ मार्च, १९६६ रोजी नरेश श्रीधर मिरजकर विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठाचा निकाल आला. मुंबई उच्च न्यायालयातील एका बदनामीच्या दाव्यात न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे यांनी एका साक्षीदाराची साक्ष प्रसिद्ध करण्यास मनाई केली होती आणि पत्रकारांनी तिला आव्हान दिले होते. उच्च न्यायालयाच्या न्यायिक आदेशाने मूलभूत हक्काचा भंग होत नाही आणि त्याविरुद्ध अनुच्छेद ३२ खाली रिट मागता येत नाही, असे बहुमताने ठरले. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी भिन्नमत दिले. १५ मार्च, १९६६ रोजी गजेंद्रगडकर निवृत्त झाले.

निवृत्तीनंतरचे कार्य

निवृत्तीनंतर गजेंद्रगडकर मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि १९७१ पर्यंत त्या पदावर होते. याच काळात त्यांनी केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या महागाई भत्त्याविषयीचा आयोग, राष्ट्रीय श्रम आयोग (१९६६–६९), जम्मू-काश्मीर चौकशी आयोग (१९६७–६८) आणि बनारस हिंदू विद्यापीठ चौकशी समिती यांचे अध्यक्षपद सांभाळले. जम्मू आणि काश्मीर या विभागांतील असमतोलाचा विचार करणाऱ्या आयोगाच्या अहवालानंतर १९६९ साली दोन्ही विभागांसाठी स्वतंत्र विद्यापीठे अस्तित्वात आली.

१९७१ ते १९७७ या काळात ते विधी आयोगाचे अध्यक्ष होते. आयोगाचा दिवाणी प्रक्रिया संहितेवरील ५४ वा अहवाल १९७३ साली सादर झाला. शासनावर दावा लावण्यापूर्वी दोन महिन्यांची नोटीस देण्याची सक्ती करणारे कलम ८० रद्द करावे, अशी शिफारस त्यात होती. हे कलम शासनाला दाव्यातून मुक्त करीत नसले, तरी नोटिशीतील त्रुटीमुळे अनेक दावे मूळ तक्रारीचा विचार न होताच फेटाळले जात. नाशिक जिल्ह्यातील मालेगावच्या १९२१ च्या दंगलीनंतर बसविलेल्या वसुलीविरुद्धचा दावा दोन महिने पुरे होण्याआधी लावल्यामुळे प्रिव्ही कौन्सिलपर्यंत जाऊनही १९२७ साली फेटाळला गेला होता. संसदेने १९७६ च्या दुरुस्तीत कलम ८० कायम ठेवले, परंतु तातडीच्या प्रकरणांत न्यायालयाच्या परवानगीने नोटिशीशिवाय दावा लावण्याची सोय केली आणि नोटिशीतील किरकोळ त्रुटींवरून दावा फेटाळण्यास प्रतिबंध केला. पनवेलच्या दिवाणी न्यायालयात जिल्हाधिकारी किंवा राज्य शासन यांना प्रतिवादी करणाऱ्या नागरिकालाही आज याच दुरुस्त तरतुदीनुसार चालावे लागते.

लेखन

गजेंद्रगडकरांनी प्रामुख्याने इंग्रजीत लेखन केले. लॉ, लिबर्टी अँड सोशल जस्टिस या ग्रंथात कायदा आणि सामाजिक न्याय यांच्या संबंधाचा विचार आहे. काश्मीर प्रश्नावरील आणि धर्मनिरपेक्षतेवरील त्यांची व्याख्याने, तसेच संसद आणि मूलभूत हक्क या विषयावरील टागोर विधी व्याख्याने पुस्तकरूपाने उपलब्ध आहेत. भारतीय विद्या भवनाच्या दहा प्रमुख उपनिषदांच्या ग्रंथमालेचे ते प्रधान संपादक होते. टू द बेस्ट ऑफ माय मेमरी हे त्यांचे आत्मचरित्र १९८३ साली, मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले.

निधन आणि मूल्यमापन

१२ जून, १९८१ रोजी मुंबई येथे गजेंद्रगडकरांचे निधन झाले.

कामगारांचे हक्क, मंदिरप्रवेश आणि न्यायालयांचे स्वातंत्र्य या विषयांवरील त्यांच्या निकालांमुळे ते सामाजिक न्यायाचा आग्रह धरणारे न्यायाधीश म्हणून ओळखले जातात. कस्तुरीलाल निकालाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. विद्यावती खटल्याने दाखविलेली वाट न्यायालयाने पुढे न्यायला हवी होती, १८५८ च्या स्थितीला प्रजासत्ताकात इतके महत्त्व देण्याची गरज नव्हती, अशी टीका त्यावर झाली. उलटपक्षी, कायदा बदलण्याचे काम कायदेमंडळाचे आहे ही भूमिका घेऊन त्यांनी दोष लपविला नाही आणि उपायही सुचविला, असे समर्थकांचे म्हणणे आहे. त्यांनी सुचविलेला सर्वसमावेशक कायदा अद्याप झालेला नाही. त्यामुळे ज्या नियमाला त्यांनी स्वतः असमाधानकारक म्हटले होते, त्याच्या चर्चेची सुरुवात आजही त्यांच्या निकालापासून होते.